शनिवारचं तेल

बोरीत आमच्या घराची आणि सटवाजीच्या पिठाच्या गिरणीची भिंत एकच आहे. गिरणी चालायची तेव्हा आमच्या फळीवरचे डबे थरथरत, आणि सुट्टीच्या दुपारी मी पडल्या पडल्या त्या गिरणीला मनातल्या मनात शिव्या घालत असे. सटवाजी गेला, गिरणीला कुलूप लागलं, डबे गप्प झाले. मला मात्र दुपारची झोप आली नाही ती नाहीच. सुखाचीही सवय लागावी लागते म्हणतात ते खोटं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळपासून लाईट नव्हती. मी जेवून जरा लवंडले होते, तोच सटवाजीची बायको, बायनाबाई, दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घसरलेला, तोंड घामाने डबडबलेलं.

"बाई, गिरणी कुणी चालू केली वो?" तिने विचारलं. इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.

मी इथल्या शाळेत शिकवते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. बायनाबाई वयाने मोठी, मी तिला मावशी म्हणते.

"कसली गिरणी, मावशी? लाईट कुठं आहे? पंखा बघा माझा, झोपलाय."

"न्हाई बाई, चालायलीय. पट्ट्याचा सांधा चाकावर वाजायलाय, टप टप, टप टप. आईका की."

मी भिंतीला हात लावला. भिंतीत कसली हालचाल नव्हती. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी मान हलवली, तर ती माझ्याकडे अशी दयेने पाहत राहिली, जणू बहिरी मीच. मग म्हणाली, "तुमाला न्हाई यायचा आवाज. त्यांना मलाच बोलवायचं हाय." आणि गेली.

बायनाबाई मूळची वालूरची. लग्न होऊन आली ती थेट पिठातच. नवरा-बायको दोघं दिवसभर गिरणीत; भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. लहान पोरं तिला पिठाची मावशी म्हणत आणि हाक मारून पळून जात. ती मागून इतक्या मोठ्याने ओरडायची, की पोरं चावडीपर्यंत थांबत नसत. गिरणीतल्या माणसाला हळू बोलता येत नाही. नवऱ्याला "चहा घ्या" म्हणाली तरी आम्हाला भांडण वाटायचं.

पुढे तिचा मुलगा आदिनाथ हाताशी आला आणि ती गिरणीमागच्या परसात गहू निवडायला बसू लागली. तिथून तिला पुढचं सगळं कळायचं. ज्वारी चाललीय की हरभरा, दगड घट्ट आहे की सैल, हे ती सुपावरची नजर न उचलता सांगे. वरच्या पेटीतलं धान्य संपलं की दगडावर दगड घासतो आणि दात करकरावेत तसा आवाज निघतो. त्याला ते लोक रिकामी गिरणी म्हणत. रिकामी गिरणी चालू देणं म्हणजे त्या घरात अपशकुन. सटवाजी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसला आणि तो आवाज आला, की परसातून तोफ सुटायची: "अवो, रिकामी चालायलीय! घास टाका की तिला!" सटवाजी हसत उठायचा. म्हणायचा, "आमच्या मालकिणीचे कान गिरणीला बांधलेत."

गिरणीला शनिवारी सुट्टी असे. त्या दिवशी सटवाजी दगड उचलून त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करायचा, पट्टा ताणायचा, आणि सगळं उरकलं की परसात पटकुरावर बसायचा. चुलीवर पळीत करडीचं तेल, त्यात लसणाची पाकळी. तेल कोमट झालं, की चारचौघांत बायकोचं नाव न घेणारा हा बाप्या तिचं डोकं मांडीवर घेई आणि आधी या कानात, मग त्या कानात तेल सोडी. वर कापसाचा बोळा. पिठाने कान बसतात आणि तेलाने सुटतात, हे त्यांच्या घराण्यातलं ज्ञान. त्याच्या बापानेही त्याच्या आईच्या कानात असंच घातलं होतं. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते परस दिसायचं. मी बघायचे नाही असं म्हणणार नाही. इतकं जिव्हाळ्याचं दुसरं काही त्या गल्लीत घडत नव्हतं. आठवडाभर कान खाजला, ठणकला, की बायनाबाई केसातला आकडा काढून फिरवायची, आणि शनिवार आला की पुन्हा तेल.

दोन वर्षांमागे दिवाळी झाल्यावर, भर दुपारी, सटवाजी गिरणीत एकटा होता. आदिनाथ शेतावर, त्याची बायको राजेश्री माहेरी, मी शाळेत. सटवाजी पिठाच्या डब्याशी कोसळला. पेटीतलं धान्य संपलं आणि गिरणी रिकामी चालू राहिली. किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नाही. दगड तापून जळका वास गल्लीभर सुटला तेव्हा लोक धावले. खटका पाडला, सटवाजीला उचललं, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. आणि बायनाबाई? मधे फक्त एक दार आणि एक परस, पलीकडे ती गहू निवडत होती. शेतावरून पळत आलेल्या आदिनाथने खांदा धरून हलवलं, तेव्हा तिला कळलं.

मातीला आलेल्या बायकांत मालनबाई होती. मालनबाईच्या जिभेला हाड नाही हे जगजाहीर आहे. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "गिरणीवालीला रिकामी गिरणी आईकू आली न्हाई, नवलच बाई!" मला तेव्हा तिच्या तोंडावर पाण्याचा तांब्या मारावासा वाटला होता. अजूनही वाटतो.

तेवढं एक वाक्य बायनाबाईच्या जिवाला चिकटलं. येईल त्याला ती विचारायची, "मला कामून आईकू आलं न्हाई?" भजनी मंडळातले मुंजाजीबुवा म्हणाले, काळ येतो तेव्हा शेजारच्याचे कान झाकून येतो. राजेश्री म्हणाली, आत्याबाई, तुमचा डोळा लागला असंल. ती म्हणायची, "न्हाई. मी जागी हुते. अर्धं सूप निवडून झालं हुतं." मग स्वतःशीच, "मला कामून आईकू आलं न्हाई?"

आणि हळूहळू गिरणी तिच्या डोक्यात चालू झाली. आधी नुसती घरघर, मग पट्ट्याची टप टप. ती दुपारी कुलपापाशी जाऊन उभी राही. दाराला हात लावला तर दार गप्प. कानात मात्र गिरणी जोरात. घाईने चालत आली तर गिरणीही घाईत असे. "मी आलेली त्यांना कळतंय," ती मला सांगायची. माणसांशी बोलणं कमी होत गेलं. हाक मारली तर ओ द्यायची नाही. जन्मभर ओरडून बोललेली बाई कुजबुजल्यासारखी बोलू लागली. स्वतःचा आवाज डोक्यात लय घुमतो म्हणायची. भाकरी चावली तरी कुणी कोरडा कडबा तुडवल्यासारखं वाटतं म्हणून जेवण अर्ध्यावर सोडायची. राजेश्रीने अंगारा लावला, दृष्ट काढली. गावाने नेहमीप्रमाणे दोन तट पाडले: सटवाजी घुटमळतोय म्हणणारे एकीकडे, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणणारे दुसरीकडे. कान तपासा म्हणणारा एकही नव्हता, आणि त्यात मीही आलेच.

पोळ्याच्या सुमाराला आदिनाथने गिरणी काढायचं ठरवलं. आता घरोघरी लहान चक्क्या आल्यात, त्या खोलीत खताचं दुकान टाकू, असा त्याचा विचार. पोरगा वाईट नाही, पण बोलण्यात भसाडा. यंत्र न्यायला माणसं आली तर बायनाबाई दाराशी फतकल मारून बसली.

"आत तुजा बाप हाय. गिरणी चालायलीय आन तू बाहीर काढायलास?"

"आई, कुलूप हाय तितं! दोन वर्सं झाली!"

"मग आवाज कुणाचा?"

आदिनाथ माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच सांगा तिला. न्हाई तर मी परभणीला वेड्याच्या डाक्टरकडं नेतो."

मी तिच्याजवळ टेकले. तिचा एक हात हातात घेतला. तिचा दुसरा हात मांडीवर होता आणि एक बोट चालू होतं, टप टप, टप टप. पट्ट्याचा सांधा. आणि माझ्या बोटांखाली तिच्या मनगटातली नाडी होती. मांडीवरचं बोट पडलं की नाडी उडायची. एकही ठोका चुकत नव्हता. दोन वर्षं ही बाई स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकत त्या कुलपाशी उभी राहत होती.

"मावशी, हा आवाज तुमच्या नाडीचा आहे. कानाचं काहीतरी झालंय. उद्या जिंतूरला चला माझ्याबरोबर."

"कान चांगले हायेत माझे," ती पुटपुटली. "कानाला काय धाड भरलीय? शनवारच्या शनवारी तेल घातलंय जिंदगीभर."

तरी आली. आदिनाथने तोवर गिरणीला हात लावणार नाही असं कबूल केलं म्हणून आली.

जिंतूरच्या शुभदा डॉक्टर नाक-कान-घशाच्या. त्यांनी दुर्बीण कानाला लावली, या कानाला, त्या कानाला, आणि मला बोलावून दाखवलं. कानाचं भोक कुठं दिसेचना. तपकिरी काळपट काहीतरी, गच्च, लिंपल्यासारखं.

"आकडा घालता का कानात?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"खाजलं की घालते थोडा."

"मळ आपला वैरी नाही, मावशी. तो कानाची राखण करतो, धूळ अडवतो. जुना झाला की आपोआप बाहेर येतो. आपण जेवतो, बोलतो, जबडा हलतो, तसा तो सरकत येतो. तुम्ही आकड्याने तो परत आत ढकलला. त्यावर तेल. कामधंदा काय तुमचा?"

"पिठाची गिरणी."

"मग त्या तेलात पीठ."

"म्हंजे कणिकच मळली म्हणा की," बायनाबाई म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. डॉक्टरही हसल्या. म्हणाल्या, बाहेरचं ऐकू येईना की आतलं मोठं होतं. नाडी, चावणं, स्वतःचा आवाज. आज काढायला गेले तर पडद्याला इजा होईल, आधी मऊ व्हायला पाहिजे. थेंब लिहून दिले.

ते थेंब राजेश्रीने नेमाने घातले. त्या दिवसांत बायनाबाई कुलपापाशी जास्तच जाऊ लागली. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "बाई, त्या डाक्टरनी आवाज काढून टाकला, तर हे कुटं जातील?"

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी कोमट पाण्याची पिचकारी धरली. मला कानाखाली भांडं धरायला लावलं. पाणी गढूळ, मग अजून गढूळ, आणि मग एक गोळा टपकन भांड्यात पडला. बोराच्या बीएवढा, वरून काळा, फुटला तिथे आत फिकट. दुसऱ्या कानातूनही तसाच. बायनाबाई दचकून उठून बसली. वरचा पंखा, डॉक्टरांच्या बांगड्या, बाहेर रडणारं पोर, सगळं एकदम तिच्यावर चालून आलं असावं. तिने दोन्ही हात कानांवर घेतले, मग काढले.

"बंद पडली," ती म्हणाली. आणि आपल्याच आवाजाला दचकली.

"काय बंद पडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिरणी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन वर्षं तिने मेलेल्या माणसाला जपलं होतं, ते आम्ही पिचकारीने धुऊन काढलं. मला माझा आणि डॉक्टरांचा, दोघींचाही राग आला.

डॉक्टर हात पुसत बोलत राहिल्या. कानात तेल घालू नका, काही घालू नका. पुन्हा बंद वाटले तर सरळ इकडे या. "तेलाचं कोणी सांगितलं होतं?"

"मालक घालायचे. सवताच्या हातानं." ती थांबली. भांड्यातल्या गोळ्याकडे बघत राहिली. मग अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "डाक्टर, दोन वर्सामागं बी कान असेच भरलेले असतील का वो?"

"असणारच. इतका कडक गोळा एक-दोन वर्षांत होत नाही. हळूहळू झाकत जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्या काय बोलून बसल्या ते. मला ठाऊक होतं. मी भांडं खाली ठेवलं.

एसटीत बायनाबाई खिडकीशी बसली होती. मला वाटलं, आता तरी हिला सुटल्यासारखं होईल. मी म्हणाले, "मावशी, ऐकलंत ना? तुमची चूक नव्हती. तुमचे कान बंद होते."

"व्हय. बंद हुते."

गाडी बरीच पुढे गेली. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. मग तिने माझा हात धरला.

"बाई, कुणी बंद केले?"

तिची नजर खिडकीबाहेरच होती.

"माझं डोकं मांडीवर घिऊन घालायचे. तेल लय गरम न्हाई ना, म्हणून आधी सवताच्या मनगटावर टाकून बगायचे." तिचा आवाज फुटला. "दोष माझा हुता तवर बरं हुतं बाई. मी वागवत हुते. आता त्यांच्यावर कसा ठिवू?"

मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

बोरीत उतरल्यावर ती घरात गेली नाही. सरळ आदिनाथसमोर उभी राहिली. "कुलूप काढ. गिरणी एकदा चालू कर."

"आता कामून? बरं झालं ना कानाचं?"

"चालू कर. पेटीत काय टाकू नकोस. रिकामी."

आदिनाथचं तोंड उतरलं. रिकामी गिरणी त्यालाही ठाऊक होती. ती चालू असतानाच बाप गेला होता, तेही. "आई, नको."

"एकदाच. मग ने तुजं यंत्र."

ती दारातून परसात गेली. राजेश्रीकडून सूप घेतलं, त्यात गहू ओतून घेतले, आणि आपल्या जुन्या जागेवर, भिंतीला पाठ लावून निवडायला बसली. सटवाजी गेला त्या दिवशी मधलं दार लोटलेलं होतं, म्हणून तिने ते आताही राजेश्रीला लोटायला लावलं. मी आदिनाथबरोबर गिरणीत उभी होते. पिठाच्या डब्यावर जाळं धरलं होतं. त्याच्याशेजारी सटवाजीचा बसायचा पाट तसाच.

आदिनाथने खटका दाबला. पट्टा फडफडला, चाक फिरलं, छपरावरचं जुनं पीठ आमच्या डोक्यावर झरू लागलं. मग त्याने दगड आवळला, आणि तो आवाज सुरू झाला. दगडावर दगड. माझे दात शिवशिवले. भिंतीपलीकडे माझे डबे वाजू लागले, तेही मला ऐकू आलं. हा आवाज कोणाला ऐकू येणार नाही असं होऊच शकत नाही, असं मनात आलं, आणि मी त्या विचाराला घाबरले.

मधलं दार धाडकन उघडलं. बायनाबाई धावत आली. साठी उलटलेली बाई, पण अशी धावली, की पदर मागे लोळत होता आणि गहू परसभर सांडले होते. "आले! आले वो! आले!" ती तिच्या जुन्या आवाजात ओरडत होती, चावडीपर्यंत जाणाऱ्या. तिने आदिनाथला बाजूला ढकललं आणि खटका पाडला.

पट्टा सैल होत गेला. सांधा चाकावरून जाताना टप, टप वाजला आणि थांबला. आदिनाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायनाबाई धापा टाकत पिठाच्या डब्यापाशी गेली, खाली बसली, आणि त्या रिकाम्या पाटावरचं पीठ पदराने पुसू लागली.

"बगितलंत ना?" ती पाटाला म्हणाली. "आईकू आलं असतं तर आले नसते का वो मी?"